जुनं ल्यूट घेण्याआधी

२ मार्च, रविवार

निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच ताईला शिंगं फुटली. निवृत्त माणसं गुडघे धरून बसतात, कुंडीत टोमॅटो लावतात. हिला ल्यूट वाजवायचं आहे. जन्मभर हॉस्पिटलच्या तळघरात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले, "श्वास रोखा, हलू नका" यापलीकडे कुणाशी धड बोलली नाही, आणि आता एकदम ल्यूट. रेडिओवर ऐकलं म्हणे.

मी गिटार आणि व्हायोलिन दुरुस्त करून पोट भरतो. ल्यूट माझ्याकडे क्वचित येतं आणि येतं ते रडतच येतं. उभ्या चिरलेल्या नासपतीसारखं पोट, आखूड दांडी, डोकं मानेतून मोडल्यासारखं मागे वळलेलं, आणि तारा जोडीजोडीने. त्या लावून होईपर्यंत ऐकणारा उठून घरी गेलेला असतो. असलं वाद्य हौसेने घेणारा माणूस आधी डॉक्टरला दाखवावा.

नवं करून घ्यायचं तर कारागीर वर्षानुवर्षं ताटकळत ठेवतो, म्हणून तिने जुनं घ्यायचं ठरवलंय. जुनं वाद्य विकणारे सगळे एकजात लबाड असतात. जे लबाड नसतात ते मूर्ख असतात आणि त्यांचं वाद्य जास्त बिघडलेलं असतं. मी सोबत येणार, असं तिला बजावलं.

"ये," ताई म्हणाली, "पण तोंड घरी ठेवून ये."

माझी बायको मला सोडून गेली (तिचं तिला लखलाभ) तेव्हापासून मी ताईकडेच राहतो. ताईने लग्न केलं नाही. वेळच मिळाला नाही म्हणते. मला तोंड घरी ठेवायला सांगणारी जगात ती एकटीच उरली आहे.

९ मार्च, रविवार

दोन वाद्यं बघितली. दोन्ही चुलीत घालायच्या लायकीची.

पहिलं एका नवराबायकोचं. भिंतीवर टांगलेलं, तेही हीटरच्या बरोब्बर वर. सोफ्याच्या रंगाला जातं म्हणून घेतलं होतं, आता सोफा बदलला म्हणून विकताहेत. वरची फळी वाळून उभी तडकली होती. त्यावर कुणा शहाण्याने गिटारच्या पोलादी तारा चढवलेल्या. तारा जिला बांधतात ती घोडी त्या ताणाने फळीवरून उचकटत होती. मी म्हणालो, हे वाद्य तुम्ही विकत घेतलं की पकडून आणलं? बाईंना राग आला. यावा.

दुसरं संगीत शिकणाऱ्या एका पोराचं. दांडी डोळ्यासमोर धरून बघितली तर केळं. मागच्या पट्ट्यांचे सांधे सुताराच्या पांढऱ्या गोंदाने थापलेले. "व्हिंटेज आहे," म्हणाला. नाकाने कांदे सोलायला वय लागतं, ते तरी येऊ द्यायचं.

परतताना ताईला शिकवत आलो. घोडीच्या कडेला कागद लावून बघायचा, आत सरकला तर गोंद सुटलाय. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायची, आतली पट्टी सुटली असेल तर भरड आवाज येतो. पडद्यांकडे बघून घाबरायचं नाही, ते दांडीला गुंडाळलेले धागे असतात, झिजले की नवे बांधता येतात. आणि वजन. ल्यूट हातात घेतल्यावर आत काही नाहीच असं वाटलं पाहिजे. जड ल्यूट म्हणजे बनवणारा घाबरट होता.

ताई खिडकीबाहेर बघत होती. एक्स-रे काढून काढून हिला आतलं दिसतं, समोरचं दिसत नाही.

१६ मार्च, रविवार

आज चष्मेवाला.

खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. विधुर. घरभर चष्मे. फ्रीजवर चष्मा, पुस्तकात खुणेला चष्मा, आणि स्वतः मात्र चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत होता. ल्यूट हौसेने घेतलं, चार वर्षं खटपट केली, करंगळी साथ देत नाही म्हणून सोडलं. हे सगळं हसतहसत सांगतो. स्वतःचं अपयश इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मला संशयास्पद वाटतो.

वाद्य उचललं आणि माझा हातच वर गेला, इतकं हलकं. हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मग एकेक दाखवत गेलो. घोडीचं एक टोक सुटलेलं, त्याचंच दुकानाचं कार्ड आत सरकलं. मागे दोन पट्ट्यांमधला सांधा उघडलेला. पडदे झिजलेले. तारांवर तर नुसता मळ आणि धूळ. म्हणालो, "हे विकायचं वाद्य नाही हो, भरती करायचा पेशंट आहे."

"मग एक्स-रे काढून घेऊ," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने ताईकडे बघितलं. तिने आपली नोकरी आल्याआल्याच सांगून टाकली होती.

ताई हसली. नुसती हसली नाही, टेबलाला हात टेकून हसली. विनोद काडीचा नव्हता. मी बाहेर आल्यावर तिला समजावलं की विकणाऱ्यासमोर असं हसायचं नसतं, त्याला कळतं की गिऱ्हाईक लट्टू झालंय.

"हो का?" म्हणाली. "कळलं असेल?"

"न कळायला तो आंधळा आहे का?"

त्यावर पुन्हा हसली. कठीण आहे.

२० मार्च, गुरुवार

चष्मेवाला ल्यूट घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये हजर. म्हणे, सगळे दोष दुरुस्त करून द्या, खर्च माझा. विकायच्या वाद्यावर कोण पदरचा खर्च करतो? इतका मूर्ख माणूस दुकान कसं चालवतो कोण जाणे.

घोडी काढली, जुना गोंद खरवडला, चिकटवली. तो स्टुलावर बसून बघत होता. बघत होता म्हणजे बडबडत होता. ताई सकाळी लवकर उठतात का? त्यांना कुठलं संगीत आवडतं? डोळे दुखतात असं म्हणाल्या होत्या, ते कशाने? मी त्याचा डाव लगेच ओळखला. गिऱ्हाइकाची पूर्ण माहिती काढायची आणि मग शेंडी लावायची. म्हणून मुद्दाम ताईचे दोषच सांगितले. हट्टी आहे, चहा आटवून पिते, रात्री रेडिओ चालू ठेवून झोपते, आवडलं की सोडत नाही.

"वा," म्हणाला.

यात वा करण्यासारखं काय आहे?

३० मार्च, रविवार

सांधा बसला, पडदे नवे बांधले, तारा नव्या चढवल्या. ल्यूट पुन्हा चष्मेवाल्याकडे. ताई म्हणाली, आता घेऊ या का? मी तिला चांगलंच खडसावलं.

म्हटलं, जुनं आहे, भुलून लगेच घरी आणायचं नाही. आधी जाऊन येऊन सवय बघायची. सकाळी कसं बोलतं, दमट दिवशी रुसतं का, गप्प ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तक्रार करतं का. आधी कुणाच्या हातात होतं, तिथे कसं वागवलं गेलं, ते विचारायचं. डाग असले तर असू देत, लपवलेले नसले म्हणजे झालं. आणि मांडीवर घेऊन बसलं की आपल्या अंगाला बसतं का ते बघायचं, दुसऱ्याला बसतं म्हणून आपल्याला बसेल असं नाही.

ताई इतकं मन लावून माझं ऐकतेय असं प्रथमच दिसलं. मध्येच म्हणाली, "आणि वेळ फार गेला असं वाटलं तर?"

"लाकूड जुनं झालं की आवाज सुधारतो," मी म्हणालो. "हे तरी तुला ठाऊक हवं होतं."

१० एप्रिल, गुरुवार

ताई रोज संध्याकाळी चष्मेवाल्याकडे. तारा लावायला जाते म्हणते. मी सांगितलंच होतं की नव्या तारा रोज लावाव्या लागतात, पण इतका वेळ? माझ्या हातात दिलं तर चहा निवायच्या आत लावून दाखवीन. दोन अडाणी एका खोलीत बसले की असंच होणार. जेवण मी एकट्याने उरकलं. गरम करायचा कंटाळा आला, गारच खाल्लं.

१७ एप्रिल, गुरुवार

मी कांदा चिरत होतो. ताई आली, कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाळ्या, जुळलं रे."

"जुळलं एकदाचं," मी म्हणालो. "किती दिवस लावलेत!"

"आम्हालाही वाटलं नव्हतं."

"जुळवायला दोघं कशाला लागतात पण?"

"मग? एकट्याने कसं जुळेल?"

काही शिकली नाही. मी आयुष्यभर एकट्यानेच जुळवत आलोय. तरी शांतपणे सांगितलं की एवढ्याने हुरळून जायचं नसतं, सुरुवातीला उतरणारच. उतरलं की घाबरायचं नाही, पुन्हा जुळवायचं. ताण एकदम द्यायचा नाही, थोडा थोडा द्यायचा.

"तुला चालेल ना पण?" ताईने विचारलं.

"मला काय धाड भरलीये? उलट लवकर उरका. उगाच लोंबकळत ठेवण्यात काय अर्थ आहे?"

ती पुढे आली आणि तिने दोन्ही गार हात माझ्या गालांवर ठेवले. "मला वाटलं होतं, तू आकाशपाताळ एक करशील," म्हणाली. डोळ्यांत पाणी. कांदा फार तिखट होता.

वाद्य सुरात लागलं म्हणून रडणारी बाई. सुरात वाजवायला लागली तर काय करेल?

२४ एप्रिल, गुरुवार

जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई भेटली. "ताईंनी गोड बातमी सांगितली हो," म्हणाली. "पण आता घर खायला उठेल तुम्हाला."

ल्यूट आल्यावर घर खायला कसं उठेल? उलट दिवसभर टणत्कार ऐकावा लागणार. बाईला टाके घालण्यापलीकडे अक्कल नाही. मी म्हणालो, त्याची सगळी तयारी केली आहे. तिने माझा दंड थोपटला. वयस्क बायकांना हल्ली कुणाला हात लावावा याचा पोच राहिलेला नाही.

२७ एप्रिल, रविवार

तयारी खरोखरच केली. करावीच लागली, ताईच्या भरवशावर राहिलो तर ती वाद्य हीटरवर ठेवेल. उत्तरेच्या खिडकीजवळ माझी खुर्ची असते तो कोपरा सोडला तर घरात दुसरी बरी जागा नाही, दुसरीकडे ऊन तरी नाहीतर वाफ तरी. खुर्ची दाराशी ओढली. तिथे झोत लागतो, पण असो. एका व्हायोलिनसाठी राखून ठेवलेली अक्रोडाची फळी होती, तिचा स्टँड केला. वाद्याची पाठ टेकते तिथे मऊ कातडं लावलं.

ताईला दाखवला. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. "इतका सुंदर केलास," म्हणाली, "तिकडे नेऊ?"

"आधी तिकडे नेऊन परत इकडे आणायचा उद्योग कशाला?"

ती स्टँड पुसायला लागली. डोकं आजकाल ठिकाणावर नसतं तिचं.

४ मे, रविवार

ताईच्या खोलीत खोकी. त्यात ती स्वेटर भरत होती. मी विचारलं, ल्यूटच्या पेटीला अस्तर म्हणून घालणार आहेस का?

"अरे, ल्यूट इकडे येत नाहीये."

"का? काय झालं? दांडी वाकली?"

"ते तिथेच राहणार. मीच तिकडे जातेय."

"परत कधी येशील?"

ती खोक्यापाशी तशीच उभी राहिली, हातात स्वेटर. मग हळूच म्हणाली, "बाळ्या, तुला सांगितलं होतं ना मी. जुळलं म्हणून. तू म्हणालास, लवकर उरका."

मी काय म्हणालो होतो ते इथेच मागे लिहिलेलं आहे. पुन्हा वाचायची गरज नाही.

मग मी बोललो. चष्मेवाल्याची मान पुढे आलेली आहे, करंगळी निकामी, विनोद सगळे जुने, आणि कपाळावरचा चष्मा ज्याला सापडत नाही त्याला तू रोज काय सापडणार! आधीची बायको कशाने वैतागून मेली याची चौकशी केलीस का? ताई ऐकून घेत होती.

"तू त्याला एकदाही नीट बघितलं नाहीस रे. वाद्यच बघत होतास."

"तुला म्हातारचळ लागलाय," मी म्हणालो.

तिने स्वेटर घडी घालून खोक्यात ठेवला. मग दुसरा ठेवला. "दोन आठवड्यांसाठी राहतो म्हणून आला होतास तू इथे," ती म्हणाली. "कधी जाणार, असं मी तुला एकदा तरी विचारलं का?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. आत्ता आठवत नाही.

७ मे, बुधवार

ताई गेली. चष्मेवाला खोकी उतरवायला आला होता, एकेक खोकं दोनदा खाली ठेवत. मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो, फार काम होतं. स्टँड दोघं घेऊन गेली. नेऊ देत, मला काय उपयोग त्याचा.

२० मे, मंगळवार

तिचा फोन नाही. बरंच आहे. घरात शांतता आहे, रेडिओ नाही, आटवलेल्या चहाचा वास नाही, माणूस मोकळा श्वास घेऊ शकतो. खुर्ची पुन्हा खिडकीपाशी ओढली. एक गिऱ्हाईक गिटार घेऊन आलं, म्हणालं आवाज येत नाही. त्यात मोजा कोंबलेला होता. कुणाला तरी सांगण्यासारखी गोष्ट होती. शिंपीणबाईला सांगितली, तिने विचारलं, मोजा कुठला होता? या जगात कुणाशी बोलायचं?

५ जून, गुरुवार

चष्मेवाला दुपारी आला, काखेत ल्यूटची पेटी. एक पडदा तुटला होता, नवा बांधून हवा होता. धागा गुंडाळायचा, गाठ मारायची, टोकं पोळवायची, संपलं. हे काम त्याला स्वतःला जमायला हवं, पण ज्याला चष्मा सांभाळता येत नाही त्याला काय सांगायचं.

मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "चांगल्या आहेत. सकाळी वाजवतात. तुमचं नाव काढत नाहीत."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणून सांगितलं."

गाठ मारली. मग नेहमीच्या सवयीने सगळं तपासलं. घोडीला कागद लावला, आत जाईना. फळीवर टकटक केली, एका सुरात बोलली. दांडी सरळ. फळीवर करंगळी टेकते तिथे लाकडाला किंचित चकाकी आली आहे, तिच्या हाताची. रोज वाजवत असणार, त्याशिवाय अशी येत नाही. मांडीवर घेऊन छेडलं. इतकं जिवंत वाद्य माझ्या हातून यापूर्वी गेलेलं नाही आणि निम्मं श्रेय माझ्या गोंदाचं आहे.

"झालं?" म्हणून त्याने पेटी पुढे केली.

"थांबा," मी म्हणालो. "वरून तिसऱ्या जोडीत झणझण आहे."

त्याने कान वाकडा करून ऐकलं. "मला तर काही येत नाही ऐकू."

"तुम्हाला कसं येईल? तुम्ही डोळ्यांवाले."

"मग आता?"

"ठेवून जा. आणि हे असं कळायचं नाही. ज्याचं वाद्य त्याने येऊन वाजवलं पाहिजे. हात बदलला की झणझण बदलते."

त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचा भुसा गोळा करत होतो. त्याने पेटी भिंतीला टेकवून ठेवली.

"रविवारी पाठवतो ताईंना," म्हणाला. "मी पण येऊ का?"

"तुमची मर्जी," मी म्हणालो. तो दारापर्यंत गेला, तेव्हा म्हणालो, "या."

तो गेल्यावर तिसरी जोडी पुन्हा पुन्हा छेडून बघितली. आवाज स्वच्छ आहे. लोकांच्या वाद्यांत मी आजवर हजार दोष काढले, पण नसलेला एकही काढला नव्हता. ताईशिवाय मला करमत नाही. रविवारी ती या टेबलाशी बसेल, वाजवेल, आणि विचारेल, बाळ्या, यात बिघडलंय काय? तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.